कळफलक : नाव दिसते, मग सापडत का नाही?



मागच्या खेपेला मोबाइलची बॅटरी लवकर का उतरते यावर आम्ही लिहिले होते, आणि जुना पडून राहिलेला संगणक मुलांच्या अभ्यासासाठी पुन्हा कसा चालू करावा हे या खेपेला सांगू असे कबूल केले होते. ते आता पुढच्या वेळी. मधल्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. ती पोटात ठेवून इथे शहाणपण सांगत बसणे आम्हाला बरे वाटेना. म्हणून आधी चूक, मग बाकीचे.

आमची नोकरी कारकुनाची, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवसभर नस्ती, आवक-जावक, पगारपत्रक. बी.कॉम. झाल्यावर आम्ही टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, मराठी तीस, मग मराठी चाळीस, आणि तेव्हापासून कळफलक हाताला चिकटला तो चिकटलाच. संगणकाचे वेड त्यातूनच लागले. पहिला संगणक जुना, कुणीतरी वापरलेला, डब्यासारखा मोठा पडदा असलेला आणला, तेव्हा आमच्या घरातून प्रश्न आला होता, ‘‘घरात मिक्सर नाही, आणि हा डबा कशाला?’’ त्या प्रश्नाला आमच्याकडे आजही धड उत्तर नाही. पण त्याच डब्यावर वस्तीतल्या किती तरी पोरांचे अर्ज भरले गेले. पुढे रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर टेबल टाकायचे, लॅपटॉप आणि छपाईयंत्र मांडायचे आणि लोकांची कागदपत्रे बघायची, असा नेमच झाला. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणे, पेन्शनचा हयातीचा दाखला. पैसे घेत नाही. चहा घेतो.

या वर्षी एका शैक्षणिक संस्थेने मागासवर्गीय मुलांच्या फीसाठी मदत देऊ केली. विद्यार्थ्यांनी आपापला अर्ज मोबाइलवरून भरायचा आणि शिफारस करणाऱ्या कार्यकर्त्याने एक यादी वेगळी पाठवायची. दोन्हीकडे नाव जुळले की अर्ज पुढे सरकणार. आमच्याकडची मुले चाळीस. यादी आम्ही केली, पाठवली आणि निश्चिंत झालो.

दीड महिन्याने एका रविवारी डाळ मिलमध्ये हमाली करणारे एक गृहस्थ ओट्याशी येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकते. आडनाव बिऱ्हाडे. मान खाली घालून म्हणाले, ‘‘भाऊ, आंडेरनं नाव यादीमा नही म्हणतस. तुम्हीन लिखं व्हतं ना?’’

लिहिले होते! आम्ही तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला, यादी काढली आणि एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवले. नाव, गाव, वर्ग, सगळे ठसठशीत. त्यांचा चेहरा उजळला. मग खात्रीसाठी म्हणून आम्ही तेच नाव शोधाच्या चौकोनात टाइप केले आणि कळ दाबली. पडद्यावर उत्तर आले, सापडत नाही. पुन्हा टाइप केले. पुन्हा तेच. नाव डोळ्यांसमोर आहे, बोट त्यावर आहे, आणि यंत्र म्हणते नाही. पंचवीस वर्षे कळा बडवल्या, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

संस्थेकडे चौकशी केली. चाळीसपैकी सदतीस नावे जुळली होती. न जुळलेली तीन कोणती? एक ही बिऱ्हाडे. दुसरा मुलगा बोऱ्हाडे. तिसऱ्याचे आडनाव साधेच, पण गावाचा रकाना अडला, कारण तो भुसावळजवळच्या कुऱ्ह्याचा. कुऱ्हे पानाचे. तिन्ही ठिकाणी एकच अक्षर. तो डोक्यावर रफार न घेता बाजूला अर्ध्या चंद्रासारखा वाकणारा, खास मराठीचा अर्धा ऱ.

हे अक्षर वाटते तेवढे किरकोळ नाही. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला हा अर्धा ऱ लागत नाही, म्हणून मुख्यतः हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या पुष्कळ सोयींमध्ये तो एक तर नसतो, नाही तर कोपऱ्यात लपवलेला असतो. आपल्या खानदेशाला मात्र त्याच्यावाचून चालायचे नाही. शेजारचे बऱ्हाणपूर त्याच्याशिवाय लिहिता येत नाही, पलीकडचे वऱ्हाड लिहिता येत नाही, आणि आपल्या समाजातली बिऱ्हाडे मंडळी तर जळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली.

आता यंत्राच्या पोटात काय घडले ते सांगतो. थोडे आकड्यांचे आहे, पण घरात दहावीचे पोर असेल तर त्याला शेजारी बसवून वाचा.

संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याला आकडा दिसतो. जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, अशी एक पद्धत आहे. तिचे नाव युनिकोड, आणि तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या आहेत. क चा क्रमांक २३२५. र चा २३५२. आणि आपल्या या ऱ ला त्याच्या शेजारचाच, पण स्वतंत्र क्रमांक आहे, २३५३. पाय मोडण्याचे चिन्ह २३८१, ह २३६१. म्हणजे बिऱ्हाडेमधला ‘ऱ्ह’ सरळ मार्गाने लिहिला तर यंत्राच्या वहीत नोंद होते २३५३, २३८१, २३६१.

पण हाच ‘ऱ्ह’ लिहिण्याचा एक जुना, आडवळणाचा मार्गही आहे. साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, आणि मध्ये एक न दिसणारी खूण ठेवायची. ती खूण यंत्राला सांगते की बाबा रे, इथे रफार देऊ नकोस, अर्धचंद्र दे. तिचा क्रमांक ८२०५. मग नोंद होते २३५२, २३८१, ८२०५, २३६१. पडद्यावर दोन्ही बिऱ्हाडे हुबेहूब सारखे. आकडे मात्र वेगळे. माणूस चेहरा बघतो, यंत्र आकडे मोजते. त्याच्या हिशेबी ही दोन वेगळी माणसे. त्यातही ती न दिसणारी खूण एखाद्या सॉफ्टवेअरने निरुपयोगी समजून झाडून टाकली की उरते ‘बिर्हाडे’. संस्थेने छापलेल्या कागदावर आमच्या मुलीचे नाव नेमके असेच आले होते.

ही खूण आमच्या यादीत आली कुठून? इथे आमचा दोष सुरू होतो.

आमची बोटे टंकयंत्राच्या वळणाची. म्हणून आम्ही वर्षानुवर्षे जुन्या फाँटात यादी ठेवत आलो. जुने फाँट म्हणजे काय, तर ते खऱ्या अर्थाने मराठी नव्हतेच. ते इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी कपडे होते. कृतिदेव नावाच्या फाँटात ‘भारत’ हा शब्द लिहिला तर यंत्राच्या आत तो एच, के, के, जे, आर असा असतो. फाँट काढून घेतला की कपडे उतरतात आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. गावोगावच्या छपाईवाल्यांनी पेजमेकरवर केलेल्या लग्नपत्रिका, जयंतीच्या स्मरणिका, विहारांचे अहवाल, सगळे असेच लिहिले गेले. त्या काळी दुसरी सोयही नव्हती. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, त्यातून जिस्ट नावाचे कार्ड निघाले, ते संगणकात बसवले की देवनागरी दिसायची. पण ते सरकारी कार्यालयांना आणि मोठ्या छापखान्यांना परवडणारे. आपल्यासारख्यांच्या वाट्याला ओळखीच्या दुकानातून फ्लॉपीवर आणलेला फाँट. विंडोज २००० पासून साध्या संगणकातही युनिकोडची देवनागरी आली, सोबत मंगल नावाचा फाँट आला. तो काढणारे र. कृ. जोशी आपल्या महाराष्ट्राचेच सुलेखनकार. म्हणजे सरळ रस्ता वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच मोकळा झाला होता. आम्ही जुन्या पायवाटेने चालत राहिलो, कारण पायाला ती सवयीची.

संस्थेने युनिकोडमधली यादी मागितली तेव्हा चाळीस नावे नव्याने टाइप करायला अर्धा तास लागला असता. आम्ही तो वाचवला. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यादी टाकली, दोन सेकंदांत युनिकोड होऊन बाहेर आली. वरून खाली नजर फिरवली, सगळे ठीक दिसले, पाठवून दिली. त्या सॉफ्टवेअरने जुना आडवळणाचा मार्ग धरला होता. ते कुणी फसवण्यासाठी केलेले नव्हते. बनवणाऱ्याला त्या दिवसांत तोच मार्ग ठाऊक असेल. पण यादी केल्यावर त्यातली चार नावे शोधून बघायची, एवढे काम तरी आमचे होते.

मुलीच्या वडिलांनी फीची मुदत टळू नये म्हणून मुकादमाकडून उचल घेतली होती. तरी चार दिवस उशीर झालाच, आणि विलंब शुल्क भरावे लागले. चूक कळल्यावर आम्ही यादी हाताने नव्याने लिहिली, अर्ज दिला, दोन फेऱ्या मारल्या, आणि नावे जुळली. मदतीची रक्कम पुढे आली. विलंब शुल्क काही परत आले नाही. ते आम्ही देऊ केले तर त्या गृहस्थांनी घेतले नाही. ‘‘तुम्ही का मुद्दाम केलं, भाऊ?’’ एवढेच म्हणाले. घेतले असते तर आम्हाला बरे झोपता आले असते.

या प्रकारानंतर चाळीसगावची गोष्ट आमच्या मनातून जाईना. आपल्या घरांतून ती सर्वांना ठाऊक आहे, पण आम्ही ती इतकी वर्षे अर्धीच ऐकली होती असे आता वाटते. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याकडे आले होते. परत जाताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी आग्रहाने ठेवून घेतले. स्टेशनावरून वस्तीत न्यायला टांगा हवा, तर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा आपलाच एक माणूस, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडले, हिसका बसला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर आदळले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. पाय मोडून ते बरेच दिवस अंथरुणाला खिळले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आपण या गोष्टीत नेहमी त्या टांगेवाल्यांकडे बघतो, आणि ते बरोबरच आहे, बॅरिस्टराला बसवून घ्यायला कमीपणा मानणारे ते टांगेवाले. पण लगाम हातात घेणारा तो आपला माणूस? त्याच्या मनात माया किती असेल! आपल्या साहेबांना पायी चालवायचे नाही, म्हणून त्याने न येणारे काम अंगावर घेतले. माया होती, सराव नव्हता. आणि सराव नव्हता तो का, तर लगाम त्याच्या हातात कधी कुणी येऊच दिला नव्हता. त्या रविवारी ओट्यावर आम्हाला वाटले की त्या टांग्यावर आम्ही बसलो आहोत. फरक इतकाच की आम्हाला लगाम मिळून पंचवीस वर्षे झाली आहेत. आमच्याजवळ सबब नाही.

नावाचे दुखणे आपल्या लोकांना नवे नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागते. आजोबांच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर धोंड्या, दगडू, कचरू अशी नावे पडली. १९५६ नंतर आपण मुलांची नावे सिद्धार्थ, गौतम, प्रज्ञा, सुजाता अशी आवडीने ठेवली. आडनाव, गाव, बापाचे नाव नीट लिहिले जावे यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी मास्तरांशी, तलाठ्याशी हुज्जत घातली. आता हुज्जत घालायला समोर माणूसच नाही. आमच्या वस्तीत गाढे आडनावाचे एक कुटुंब आहे. इंग्रजीत ते जी, ए, डी, एच, ई असे लिहितात. एका कार्यालयातल्या सॉफ्टवेअरने त्या इंग्रजीवरून मराठी आपोआप केले, आणि छापील कार्डावर घरातल्या पाच जणांचे आडनाव ‘गधे’ आले. कार्यालयाचे नाव आम्ही लिहीत नाही, तिथल्या मुलाने बिचाऱ्याने दुरुस्तीला मदतच केली. यंत्राने अपमान केला असेही म्हणता येत नाही, त्याला अपमान म्हणजे काय ते कळत नाही. पण त्या घरातला शाळकरी मुलगा ते कार्ड वर्गात दाखवायला तयार नव्हता. त्याला कुणी काय समजावून सांगावे?

आधार कार्डाची सुरुवात आपल्याच भागात झाली, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते पहिले आधार क्रमांक दिले गेले. १९९८ पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे देशभर पसरलेल्या या यंत्रणेचा पहिला धागा खानदेशात गुंफला गेला. आमच्यासारख्या संगणकवेड्याला तो बारा आकडी क्रमांक फार आवडतो, हे कबूल करतो. तो शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही. त्यातला शेवटचा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला पडताळा असतो. व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली ही रीत मांडली. तुम्ही एक आकडा चुकीचा टाकलात, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट केलेत, तर यंत्र लगेच सांगते की हा क्रमांक चूक आहे. आकड्यासाठी केवढी ही दक्षता! नावासाठी मात्र असा कोणताही पडताळा नाही. बिऱ्हाडेचे बिर्हाडे झाले, गाढेचे गधे झाले, यंत्राच्या मते सगळे ठाकठीक.

अंगठ्याचेही तसेच. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या, डाळ मिलमध्ये निवडणीला बसणाऱ्या आपल्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. वय झाले की त्वचा कोरडी पडते. मग रेशन दुकानातले यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. आमच्या वस्तीतल्या एका आक्कांनी दुकानातून परत येऊन आम्हाला विचारले होते, ‘‘मन्हा अंगठा लागत नही, मी मरी गऊ का काय?’’ आक्का हयात आहेत आणि चांगल्या ठणठणीत आहेत. ठसा न जुळल्यामुळे कुणाचेही धान्य अडवू नये, ओळखीचा दुसरा मार्ग वापरावा, असे आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये कळवले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ठसा जुळला नाही म्हणून गरजू माणूस वंचित राहू नये, या मुद्द्याची दखल घेतली. हे दुकानात जाऊन शांतपणे सांगावे. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून दुसरे बोट लावून बघावे. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असेल तर पुष्कळ ठिकाणी ओटीपीवर काम भागते. आणि तो क्रमांक घरातल्या बाईचा स्वतःचा असावा. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये आली, तेव्हा किती बायांचा ओटीपी सुरतेला कामाला गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर जात होता, ते आम्ही ओट्यावर पाहिले आहे. मुलगा मशीनवर, फोन खिशात, आणि ओटीपीची मिनिटे निघून जातात.

आता नावाकडे परत येतो, कारण तिथे आपल्याला आपल्या हाताने करण्यासारखे बरेच आहे.

आधारची नोंदणी किंवा दुरुस्ती करताना तुमच्या बाजूलाही एक पडदा असतो, आणि शेवटी हातात पावती मिळते. सही करण्यापूर्वी त्यावरचे मराठी नाव वाचा, इंग्रजी बघून समाधान मानू नका. आईला वाचता येत नसेल तर सोबत शाळेत जाणारी मुलगी न्या. मुलांचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात, त्याच वेळी नावही तपासून घेता येते. घरातल्या सर्वांनी आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवावे. आमच्या माहितीत एका घरात बापाचे एक, मोठ्या मुलाचे दुसरे आणि सुनेचे तिसरे, आणि बँकेत तिघेही एकमेकांचे कुणी नाहीत! ठरवलेले स्पेलिंग कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

जी मुले टायपिंग शिकत आहेत, सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसतात, त्यांना आमचे सांगणे वेगळे. इनस्क्रिप्ट नावाचा जो कळफलक १९८६ साली ठरवला गेला, तो शिकून घ्या. तो विंडोजमध्ये फुकट आहे आणि भारतीय भाषांसाठी एकाच धर्तीचा आहे. त्यात र ची जी कळ आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो, मग पाय मोडा, मग ह. तीन कळांचे काम. आम्हाला टंकयंत्राच्या वळणातून बाहेर पडायला अडीच आठवडे लागले, या वयात. तुम्हाला आठवडा पुरे. यादी झाली की तिच्यातली अवघड नावे शोधून बघा, सापडली तरच पाठवा. ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावापुढचे अक्षरसुद्धा युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले, त्याआधीच्या याद्यांत ते अ वर चंद्र ठेवून लिहिलेले असते. म्हणून जुन्या यादीत वकीलसाहेब हरवले तर घाबरू नका.

परवा एका तरुण मित्राने विचारले, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, बोलले की मोबाइल लिहितो, मग या कळांचे पुराण कशाला? त्याच्याच मोबाइलमध्ये आम्ही त्याला दहा आडनावे बोलायला लावली. सहा नीट आली, चार नाहीत. कोणती चार, ते तुम्ही ओळखलेच असेल. ही यंत्रे आधी लिहिलेल्या मजकुरावरून शिकतात. आपली स्मरणिका, आपला अहवाल, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी जुन्या फाँटांत बंद पडल्या आहेत, यंत्राच्या दृष्टीने तो इंग्रजी अक्षरांचा कचरा आहे. जे त्याने वाचलेच नाही, ते त्याला येणार कुठून? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, आणि पुढे भारत भूषण प्रिंटिंग प्रेस हा स्वतःचा छापखानाही उभा केला. छापखान्याची झळ ज्यांनी सोसली त्यांना खिळ्यांची किंमत ठाऊक होती. आपल्या विहारातल्या कपाटात सीडी, पेनड्राइव्ह, जुने फ्लॉपीचे डबे असतील तर भंगारात देऊ नका. आमच्याकडे आणा. फ्लॉपी वाचणारे यंत्र आम्ही जपून ठेवले आहे. फार फार तर चालणार नाही, पण प्रयत्न करू. रूपांतर झाल्यावर मात्र एक जण मूळ कागद हातात घेऊन ओळ न् ओळ वाचेल, ही अट.

त्या वाचनासाठी माणूसही मिळाले आहे. धुळ्याहून सुट्टीला आली की ती नर्सिंगची मुलगी रविवारी ओट्यावर येऊन बसते. पहिल्या दिवशी आम्हाला तिच्याकडे बघवत नव्हते. तिने काही न बोलता चाळीस नावांची यादी पुढे ओढली आणि एकेक नाव शोधाच्या चौकोनात टाकून तपासले, एकोणिसाव्या ओळीपासून सुरुवात करून. हा मजकूरही छपाईला देण्यापूर्वी तिनेच वाचला. ‘ऱ्या’ तीन ठिकाणी चुकला होता.

जुना संगणक कसा चालू करायचा, ते पुढच्या खेपेला.